बाईंच्या मुलीने काय लिहावे?

वाचकाचे पत्र

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये शिक्षिका होती. 1971 मध्ये ती नोकरीला लागली आणि 2007 मध्ये निवृत्त झाली. गेल्या वर्षी ती गेली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी गावात कार्यक्रम करायचा, स्मरणिका काढायची आणि शाळेला आईच्या नावाची कमान द्यायची, असे माझ्या धाकट्या भावाने ठरवले आहे. कमानीवर त्याला ‘माणदेशाची सावित्रीबाई’ असे लिहायचे आहे. स्मरणिकेतला मुख्य लेख मी लिहावा, असा सगळ्यांचा आग्रह आहे, पण ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष’ या तीन शब्दांपुढे माझे काही जात नाही.

आईच्या दहाव्याला एक निवृत्त एसटी चालक आले होते. साठी ओलांडलेला माणूस, पण ‘बाईंनी मला मांडीवर बसवून पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले’ असे सांगताना त्यांना रडू आवरेना. मी 1980 ते 1984 आईच्याच वर्गात होते. वर्गात तिला ‘बाई’ म्हणायचे, असा तिचा दंडक होता आणि वर्गात सगळ्यांत जास्त छड्या मीच खाल्ल्या. मला तिची मांडी आठवत नाही. पुढे माझ्या मुलाला मात्र तिने दुपारच्या दुपार मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या. तो आता सतरा वर्षांचा आहे. भावाची नऊ वर्षांची मुलगी अजून आजीचे आवाजी संदेश लावून ऐकते. मला या सगळ्यांचा हेवा वाटतो आणि हेवा वाटतो म्हणून लाजही वाटते. भावाला हे बोलून दाखवले, तर तो म्हणाला, ‘चार लोकांत हे कशाला?’ तो पाचवीपासून मामाकडे शिकायला होता. मी खरे लिहू, की बरे लिहू?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

लेखाचे नंतर बोलू. आधी एक काम आजच्या आज उरकून घ्या, कारण ते थांबण्यासारखे नाही. तुमच्या भाचीच्या, तुमच्या आणि भावाच्या फोनमध्ये आईंचे जेवढे आवाजी संदेश असतील, तेवढे सगळे संगणकावर उतरवून घ्या आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आईंचा नंबर बंद झाला असेल, तर कंपनी तो काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. शिवाय 120 दिवस वापरात नसलेले खाते व्हॉट्सॲप सहसा काढून टाकते. तुम्हाला आलेले संदेश तुमच्या फोनवर राहतात हे खरे, पण ते त्या फोनपुरतेच, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातला फोन किती दिवस टिकेल याचा भरवसा कोणी द्यावा? प्रत्येक संदेशाच्या नावात तारीख घाला आणि कशाबद्दलचा आहे ते दोन शब्दांत लिहा. ‘आजी 1’, ‘आजी 2’ अशी नावे दिलीत, तर पाच वर्षांनी त्यांतून हवा तो संदेश तुम्हालाच सापडणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला असे वाटत राहिले की, अर्धे उत्तर तुम्ही स्वतःच सनावळीच्या रूपाने लिहून पाठवले आहे, फक्त ती सनावळ तुम्ही एका ओळीत मांडून पाहिलेली नाही. ते एसटी चालक साठीच्या पुढचे आहेत, म्हणजे ते पहिलीत बसले तेव्हा आई नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. निवृत्तीचे वय अठ्ठावन्न धरले, तर तेव्हा त्या बाविशीच्या आसपास होत्या आणि तुमचा जन्म व्हायचा होता. तुम्ही वर्गात होता तेव्हा त्या तिशी ओलांडून गेलेल्या, दोन मुलांच्या आई होत्या. आणि तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, म्हणजे तो जन्मला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन फार दिवस झालेले नव्हते. छत्तीस वर्षांनंतर प्रथमच त्यांची दुपार त्यांच्या स्वतःच्या ताब्यात आली होती. मांडी एकच होती, पण ती तुमच्या वाट्याला येण्याच्या काळातच नेमकी सर्वांत कमी मोकळी होती.

हे केवळ समाधानासाठी सांगत नाही. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात त्या काळी एका शिक्षिकेचा दिवस कसा जात असे, हे लेखात आले नाही, तर लेखाला पायाच राहणार नाही. लहान वस्त्यांवरच्या अनेक शाळा एकशिक्षकी असत. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत बसत, पहिलीला गिरवायला द्यायचे, दुसरीला पाढे म्हणायला लावायचे आणि तेवढ्यात चौथीची उदाहरणे तपासायची. किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यांपैकी शक्यतो एक स्त्री, हे उद्दिष्ट घेऊन खडू-फळा योजना आली ती 1987 मध्ये, म्हणजे तुम्ही त्या शाळेतून बाहेर पडल्यावर. शिकवण्याखेरीजची कामे वेगळीच. 1981 ची जनगणना तुम्ही पहिलीत असताना झाली आणि घरोघरच्या त्या फेऱ्या प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकांनीच केल्या. निवडणुका होत्या, मतदारयाद्या होत्या, अल्पबचतीची आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे होती. आईंची शाळा तेव्हा एकशिक्षकी होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते शोधून काढा, कारण त्यावर बरेच काही अवलंबून आहे.

छडीबद्दलही बोलले पाहिजे. शारीरिक शिक्षेला बंदी करणारा शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा. त्याआधी छडी हा वर्गातल्या सामानाचाच भाग मानला जाई आणि पालकच ‘हाडं आमची, कातडं तुमचं’ असे सांगून मूल शाळेत सोडत. स्वतःची मुलगी वर्गात असणे ही मात्र शिक्षिकेची वेगळीच अडचण असते. गाव बघत असते. बाईंच्या मुलीला पहिला नंबर मिळाला तरी कुजबुज होते आणि तिच्या चुकीकडे काणाडोळा झाला तर उघडच बोलले जाते. अशा वेळी पुष्कळ शिक्षक सोपा मार्ग धरतात आणि निःपक्षपातीपणाचा पुरावा म्हणून आपल्याच मुलाला जास्त शिक्षा करतात. तुमच्या आईंनी तेच केले असावे, असा माझा अंदाज आहे. तो खरा असला, तरी त्यामुळे त्या छड्या कमी लागल्या असे होत नाही. तुमच्यावर अन्याय झाला, एवढे तुम्ही स्वतःशी स्पष्ट म्हणून घ्या. ते म्हटल्याने आईंची छत्तीस वर्षांची नोकरी काळवंडत नाही. हेव्याची लाज बाळगायचे तर मला मुळीच कारण दिसत नाही. शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, कार्यकर्त्यांच्या घरी वाढलेली बहुतेक मुले हा हेवा मनात बाळगून असतात, फक्त दहाव्याला येणाऱ्या लोकांसमोर तो बोलून दाखवत नाहीत.

आता लेख. माझी पहिली सूचना अशी की, आई, आजी आणि बाई या तिघींचा मेळ घालून एकच गोड व्यक्ती तयार करण्याचा प्रयत्न करू नका. तो प्रयत्न सुरू झाला, की विशेषणे येतात. ‘प्रेमळ’ हा शब्द त्या चालकांच्या दृष्टीने खरा आहे, तुमच्या दृष्टीने अर्धाच खरा आहे आणि तुमच्या मुलाला तो सांगायचीसुद्धा गरज वाटणार नाही. तुम्ही तुमच्या जागेवरून, म्हणजे वर्गातल्या ज्या रांगेत बसत होता तेथून, जे दिसले ते लिहा. बाकीच्यांना त्यांच्या जागेवरून लिहू द्या. स्मरणिका ही अनेकांच्या हातची असते, हा तिचा मोठाच फायदा आहे, पण संपादक मंडळी सगळ्यांच्या लेखांना एकच सूर लावून तो फायदा घालवून बसतात.

लिहिण्याआधी कागदपत्रे काढा. आईंच्या कपाटात सेवापुस्तकाची दुय्यम प्रत असण्याची शक्यता आहे, कारण निवृत्तिवेतनासाठी ते लागत असल्यामुळे जुने शिक्षक ही प्रत जिवापाड जपत. नसेल, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा. त्यात पहिली नेमणूक, प्रत्येक बदली, वेतनवाढी आणि रजा तारखांसह नोंदलेल्या असतात. रजांचे पान तर नीट वाचाच. तुमच्या जन्माच्या वेळी त्या किती दिवस घरी होत्या, तुमच्या कोणत्या आजारपणात त्यांनी रजा काढली आणि भाऊ मामाकडे गेला त्या जून महिन्यात त्यांची बदली कोठे झाली होती, हे तेथे कोरड्या सरकारी भाषेत लिहिलेले सापडेल. मूल मामाकडे ठेवण्यामागे अनेकदा आईची बदलीच असते. तुमच्या घरी तसे होते की नाही, ते पान सांगेल.

मग शाळेत जा. तेथले जनरल रजिस्टर कायमचे जपायचे असते, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचेही मिळते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि आईंच्या हातच्या नोंदी पाहा. त्यात शाळा सोडल्याचे कारण लिहायचा एक रकाना असतो. माणात मेंढरांमागे किंवा रोजगारासाठी घरे हलत, त्यामुळे तिसरीतच नाव कमी झालेली मुले, आणि विशेषतः मुली, तेथे दिसतील, आणि त्यांतल्या कोणाचे नाव पुढच्या वर्षी पुन्हा दाखल झालेले असेल, तर त्यामागे कोणी तरी त्या पालावर किंवा वस्तीवर जाऊन आलेले असते. ते कोण, हे रजिस्टर सांगत नाही. ते गावात विचारावे लागते. भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक जपलेले असेल, तर तेही मागा. त्यातला एखादा नाराजीचा शेरा स्मरणिकेत छापायची हिंमत दाखवलीत, तर मी तुमचे मनापासून अभिनंदन करीन.

विद्यार्थ्यांना ‘बाई कशा होत्या?’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला ‘फार चांगल्या’ याखेरीज उत्तरच नाही. त्यांना विचारा की, तुम्ही कोठे बसत होता, फळ्याच्या कोपऱ्यात रोज पट आणि हजर हे आकडे कोण लिहीत असे, तुम्ही आला नाहीत तर बाई घरी येत का आणि आल्या तर तुमची आई त्यांना बसायला काय देत असे. चौथीच्या शिष्यवृत्तीचा जादा तास कोणाच्या ओसरीवर होई? 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आईबापांची मुले शाळेत येत होती का, सुकडी कोण वाटत असे, मिलो ज्वारीची भाकरी बाईंच्याही डब्यात असे का? त्या वेळी बाई जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या, नोकरीचे दुसरेच वर्ष होते. चालकांना पाटी आठवते, कारण ती पाटी बहुधा त्याच वर्षांतली आहे. त्यांना एकदा भेटून हे सगळे निवांत विचारा. मला वाटते, त्यांच्याशी बोलताना तुमचा हेवा पुरता गेला नाही, तरी ज्या तरुण मुलीला तुम्ही कधी पाहिलेच नाही, तिची थोडी ओळख होईल. 1977 च्या डिसेंबरात राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा जो 54 दिवसांचा संप सुरू झाला, त्यात आई होत्या का आणि तेव्हा घर कसे चालले, हे त्यांच्या एखाद्या मैत्रिणीला विचारा. त्या पिढीतल्या शिक्षिका हा संप हमखास सांगतात.

शक्य झाले, तर या आठवणी मोबाइलवर टंकून न मागवता कागदावर हाताने लिहून मागवा आणि त्यांतली काही पाने तशीच छापा. शाळेतली वळणदार अक्षरे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. तुमच्या आई ‘ल’ आणि ‘श’ कसे काढत हे तुम्हाला ठाऊक असेलच, तेच वळण एखाद्या ट्रॅक्टरवाल्याच्या नाही तर अंगणवाडी सेविकेच्या पत्रात दिसेल. घरात त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या असतील, मेतकुटाच्या किंवा भाजणीच्या डब्यावर चिकटवलेल्या, तारीख घातलेल्या, तर त्यांचेही फोटो काढून ठेवा. मुखपृष्ठावर सत्काराच्या शालीतला फोटो टाकण्यापेक्षा अशी एखादी चिठ्ठी मोठी करून टाकलेली मला जास्त आवडेल, पण तो निर्णय घरातल्यांचा.

तुमच्या स्वतःच्या लेखासाठी मी एकच प्रश्न देतो. शाळा सुटल्यावर तुम्ही दोघी बरोबर घरी येत असाल. त्या वाटेवर ‘बाई’ कोठे संपत होत्या आणि ‘आई’ कोठे सुरू होत होती? फाटकापाशी, ओढ्यापाशी, की घराच्या उंबऱ्यावर? एखाद्या दिवशी विसरून वर्गातच ‘आई’ अशी हाक गेली होती का आणि तेव्हा काय झाले? हे लिहिता आले, तर छड्यांची गोष्ट त्यातच दोन वाक्यांत येईल आणि ती तक्रार वाटणार नाही. पहिला खर्डा मात्र सगळे कडू-गोड घालून, कोणालाही न दाखवता लिहा. छापायचे काय ते दुसऱ्या खर्ड्यात ठरते. माझ्या मते छडी छापावी. ती गाळलीत, तर समोर बसलेले तुमचे वर्गमित्रच मनात म्हणतील की, ताईंनी गोड करून सांगितले, कारण त्या छड्या त्यांनीही पाहिलेल्या आहेत.

शेवटी भावाबद्दल. त्याला तुमच्या विरुद्ध बाजूला बसवू नका. दहाव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या मुलाला सुट्टीतली आई मिळाली, आणि सुट्टीतली आई बहुधा गोडच असते. त्याने जपलेली आई खोटी नाही. त्यालाही एक पान लिहायला सांगा आणि विषय बांधून द्या: मामाच्या गावाहून मे महिन्यात एसटीने घरी येणे. कमान उभारायला उत्साहाने पुढे होणारा माणूस असे पान लिहायला बसला, की बराच वेळ गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्यातून कधी कधी चांगले चार परिच्छेद येतात.

कमानीवरच्या मजकुराला माझा विरोध आहे आणि तो त्याला माझ्या नावाने कळवायला हरकत नाही. सावित्रीबाई फुले 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या, समाज उघडपणे विरोधात होता, आणि 1897 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. ती गोष्ट त्यांची आहे. तुमच्या आईंची गोष्ट निराळी आहे आणि तीही कमी मोलाची नाही. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव शाळा वाढल्या आणि पगार, बदली, निवृत्तिवेतन असलेल्या सरकारी नोकरीवर तरुण मुली एकट्या अनोळखी गावांत जाऊन राहू लागल्या. खोली भाड्याने मिळवण्यापासून त्यांची सुरुवात असे. या मुलींबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. तुमच्या आईंना दुसऱ्या कोणाचे नाव दिले, की ही गोष्ट सांगायची राहूनच जाते. कमान करायचीच असेल, तर तिच्यावर नाव, ‘प्राथमिक शिक्षिका’ आणि त्या शाळेतली त्यांची वर्षे एवढेच असावे.

कमानीच्या खर्चातून थोडे पैसे वळवता आले, तर पाहा. पन्नास हजारांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली, तर वर्षाला सव्वातीन हजारांच्या आसपास व्याज येते. त्यातून दर वर्षी चार-पाच मुलांना चांगल्या वह्या-पुस्तकांचे बक्षीस देता येते. ते पहिल्या नंबरालाच द्यावे असे नाही. मध्येच शाळा सुटून पुन्हा आलेल्या मुलीला दिले, तर आईंच्या रजिस्टरशी त्याचे नाते जुळेल. मात्र असे उपक्रम बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांत बंद पडतात, कारण ज्या मुख्याध्यापकांशी बोलणे झालेले असते त्यांची बदली होते आणि नव्यांना ठेवीचा पत्ता नसतो. म्हणून तोंडी काही ठरवू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून घ्या, ठेव कोणाच्या नावे, व्याज कोणत्या खात्यात आणि बक्षीस कोणत्या तारखेला हे त्यात लिहून घ्या, आणि ठरावाची प्रत व पावती भावाकडे न देता स्वतःजवळ ठेवा, कारण कमानीच्या गडबडीत ती हमखास हरवेल.